बाजूला दिलेली गादी

मित्रांनो, मी एक जुनी हवेची गादी आहे. जुनी म्हणजे वयाने फार नाही, तीनच वर्षांची; पण आमच्यात तीन वर्षं म्हणजे झालंच म्हातारपण. लोक मला वॉटर बेड म्हणतात. माझ्यात पाण्याचा थेंब नाही, तरी दुकानदारापासून नर्सपर्यंत सगळे तेच म्हणतात, म्हणून आता मी भांडणं सोडून दिलंय.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल, तर त्याला मी माहीत असेन. एकाच जागी पडून पडून माणसाची पाठ दबते, कातडी लाल होते, मग फुटते आणि जखम आत आत जाते. ते होऊ नये म्हणून मी. माझ्या अंगावर एकशेतीस फुगे आहेत. सोबतचा पंप अर्ध्या फुग्यांत हवा भरतो, थोड्या वेळाने ती काढून उरलेल्या अर्ध्यांत भरतो. वरच्या माणसाचा भार असा सतत जागा बदलत राहतो. पंपाशिवाय मी म्हणजे नुसतं प्लास्टिक. हे नीट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

भिवंडीकडच्या एका शेडमध्ये माझा जन्म झाला. तिथल्या एका बाईने मला फुगवून पाण्याच्या टाकीत दाबून धरलं, कुठून बुडबुडा येतोय का ते पाहिलं. एकही आला नाही. तिने माझ्या पाठीवर पसंतीचा शिक्का मारला आणि मला पंपासकट खोक्यात घातलं. खोक्यावर पत्ता चिकटला: सहदेव परब, खोली क्रमांक सहाशे चार, भटवाडी, घाटकोपर पश्चिम. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! वस्तूला माणसाचं नाव मिळालं की तिला उगाच मोठं झाल्यासारखं वाटतं.

सहदेव परब विक्रोळीच्या एका कारखान्यात तीस वर्षं लेथवर उभे राहिलेले गृहस्थ. अर्धांगवायूने त्यांची एक बाजू निकामी झाली होती. त्यांची बायको वनमाला एकटीच त्यांचं सगळं करायची. कमरेच्या खाली, माकडहाडापाशी, त्यांना रुपयाएवढा लाल डाग पडला होता. डॉक्टर म्हणाले होते की अजून वरवरचं आहे, पण या आठवड्यात हवेची गादी आलीच पाहिजे. बोरिवलीला दिलेल्या त्यांच्या मुलीने, दीप्तीने, त्याच दिवशी मला ऑनलाइन मागवलं.

आता घोळ कसा झाला ते ऐका. सोमवारी सकाळी साडेदहाला पार्सलवाला मला घेऊन सहाव्या मजल्यावर आला. त्याने बेल वाजवली. आत वनमाला नवऱ्याला कुशीवर वळवून अंग पुसत होती. एक हात त्यांच्या खांद्याखाली, दुसऱ्यात ओला कपडा. सोडलं असतं तर माणूस खाटेवरून खाली आला असता. फोन वाजला तसा तिने तो कसाबसा कानाशी धरला, ओटीपी सांगितला आणि म्हणाली, "बाजूला दे रे, घरचीच आहे ती."

मित्रांनो, ती जे बोलली ते चौतीस वर्षांच्या सवयीने बोलली. टॉवर व्हायच्या आधी तिथे चाळ होती. चाळीत वनमालाच्या बाजूला कुंदा राहायची, तीही तिच्यासारखीच मालवणकडची. रॉकेल आलं, बाजूला दे. पाहुणा आला, बाजूला बसव. घराची दुसरी चावी कायम कुंदाच्या खिळ्याला. पुढे चाळ पडली, टॉवर झाला आणि चिठ्ठ्या टाकून खोल्या वाटल्या. कुंदाची चिठ्ठी निघाली मागच्या इमारतीत, नवव्या मजल्यावर; तरी नव्या खोलीची दुसरी चावीही तिच्याच खिळ्याला गेली. वनमालाच्या बाजूला, सहाशे तीनमध्ये, चाळीच्या पार दुसऱ्या टोकाची शीतल आली. वनमालाचं डोकं टॉवरमध्ये राहायला आलं होतं, जीभ मात्र अजून चाळीतच होती. पार्सलवाल्याला यातलं काय ठाऊक? त्याने मला शीतलच्या दाराशी उभं केलं, फोटो काढला, बेल दाबली आणि लिफ्टने निघून गेला.

आणि शीतलचं वनमालाशी हाडवैर. कारण ऐकाल तर हसाल. शीतलने पॅसेजमध्ये चपलांचा स्टँड ठेवला होता. सहदेवना दवाखान्यात नेताना स्ट्रेचर त्याला अडकलं. वनमालाने कमिटीकडे तक्रार केली. कमिटीवाले आले आणि त्यांनी चारचौघांत स्टँड उचलून चपला शीतलच्या दारात ओतल्या. तो अपमान तिच्या मनात खदखदत होता. खोटं कशाला बोलू, तिचाही राग अगदीच बिनबुडाचा नव्हता.

तिने खोक्यावरचं नाव वाचलं आणि मला आत घेतलं. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीने, अक्षताने, पण वाचलं. ती म्हणाली की हे बाजूच्या आजोबांचं आहे, मी देऊन येते. शीतल म्हणाली, "राहू दे दोन दिवस. कळू दे जरा."

फक्त दोन दिवस. दुष्टपणा असाच घरात शिरतो, मित्रांनो, पाहुण्यासारखा, दोन दिवसांच्या बोलीवर.

दुपारी वनमाला आली. मी दाराच्या मागेच उभी होते. तिने विचारलं की आमचं एक पार्सल इकडे आलं का. शीतलने दार वीतभर उघडलं होतं. "नाही बाई, आमच्याकडे काही नाही आलं," ती म्हणाली आणि वर विचारपूस केली की काकांची तब्येत कशी आहे. वनमालाने सांगितली. मनापासून, सगळी, त्या लाल डागासकट. शीतलने मान हलवत ऐकून घेतलं आणि दार लावलं. मला तेव्हा तोंड असतं तर मी बोंब ठोकली असती.

दीप्तीने कंपनीला फोन लावले. रोज जेवणाच्या सुट्टीत ती कानाला फोन लावून ते वाद्यसंगीत ऐकत बसायची आणि घरी आईला स्पीकरवर सगळं सांगायची. ते मला भिंतीतून ऐकू यायचं. दर वेळी नवा माणूस, दर वेळी तेच. ओटीपी बरोबर दिलाय, दारातला फोटो आहे, म्हणजे पार्सल पोचलं. झालेल्या त्रासाबद्दल खेद आहे. फोटोत मी एका बंद चॉकलेटी दारापुढे उभी होते. टॉवरमधली सगळीच दारं चॉकलेटी. पायपुसणं ओळखू येतं का, असं दीप्तीने आईला विचारलं. ते तरी कसं ओळखू येणार? चाव्या देताना बिल्डरने सगळ्यांना एकसारखंच पायपुसणं वाटलं होतं. दुसरी गादी मागवू का, असंही दीप्ती म्हणाली. वनमाला म्हणाली, थांब, इमारतीतच आहे, सापडेल. रोज वाटायचं, आज सापडेल.

मग वनमाला आठवत बसली की आपण फोनवर नक्की काय म्हणालो. बाजूला दे म्हणालो. बाजूला म्हणजे कुंदाकडे. मी नावच घेतलं असणार, असं तिच्या मनाने घेतलं. आणि एकदा मनाने घेतलं की माणूस शपथेवर सांगायला तयार होतो. त्यात कुंदाचा दीरही तिच्याकडे अंथरुणावरच होता. चौथ्या दिवशी वनमाला नवव्या मजल्यावर गेली. तिथे काय झालं ते तिने घरी येऊन रडत रडत नवऱ्याला सांगितलं, म्हणून मला कळलं. कुंदा म्हणाली, नाही आलं. वनमालाने पुन्हा विचारलं. मग तिच्या तोंडून निघून गेलं की तुझ्या दिरालाही लागतेच ना गादी, ठेवली असशील तर ठेव, पण सांग तरी.

कुंदा म्हणाली, "चौतीस वर्सां तुझी चावी माझ्याकडे हा, वनमाला. एक वाटी तरी कमी झाली काय गो?" आणि तिने दार लावून घेतलं.

इकडे माझे काय हाल चालले होते ते सांगते. दोन दिवसांचे पाच झाले. परत द्यायची तर आता काय तोंडाने द्यायची, हा नवाच प्रश्न शीतलपुढे होता. तिचा नवरा राजेश स्टेशनजवळ गाड्यांच्या नंबरप्लेटवर रेडियमची अक्षरं चिकटवायचा. तो स्वभावाने गरीब. देऊन टाक गं, एवढं तो एकदाच म्हणाला आणि जेवायला बसला. सातव्या दिवशी शाळेला सुट्टी होती. अक्षता कंटाळली होती. शीतलने खोकं फोडलं, मला जमिनीवर पसरलं आणि पंप लावून दिला. कारखान्यातली तपासणी सोडली तर मी जन्मात पहिल्यांदा फुगले ती उड्या मारायला. मुलगी हसत होती. आणि चार इंचांच्या भिंतीपलीकडे वनमाला सहदेवना कूस बदलवत होती आणि ते कण्हत होते, "हळू गो, वनू, हळू." दोन्ही आवाज मला एकदमच ऐकू येत होते. शेवटी अक्षताच्या केसातली पिन लागली आणि माझ्या कडेचा एक फुगा फुटला. राजेशने संध्याकाळी चंदेरी रेडियमचा तुकडा कापून त्याला ठिगळ लावलं.

पलीकडे वनमाला सुचेल ते करत होती. हातमोज्यांत पाणी भरून टाचांखाली ठेवत होती, जुन्या साड्यांच्या घड्या कमरेखाली सरकवत होती, दर दोन तासांनी त्यांना वळवत होती. रुपयाएवढा डाग होता त्याची वाटी झाली. नवव्या दिवशी दीप्तीने कुणाला न विचारता दुसरी गादी मागवली. ती यायला पाच दिवस लागणार होते. अकराव्या दिवशी कमिटीने लिफ्टजवळचा कॅमेरा तपासायचं ठरवलं, ते शीतलच्या कानावर आलं. तिने मला घाईघाईत खोक्यात कोंबलं, वर चिकटपट्टी मारली आणि खाली वॉचमनच्या केबिनमागे ठेवून आली. अर्ध्या तासाने वॉचमन मला खांद्यावर टाकून सहाशे चारमध्ये पोचवून गेला. मागवलेली दुसरी गादी दीप्तीने रद्द केली. संध्याकाळी तिच्या फोनवर कंपनीचा निरोप आला की तुमची समस्या सुटल्याचा आम्हाला आनंद आहे, कृपया किती तारे द्याल ते कळवा.

वनमालाने मला पसरलं. हात फिरवता फिरवता तिचा अंगठा त्या चंदेरी ठिगळावर आला आणि थांबला. अख्ख्या टॉवरमध्ये रेडियमचं दुकान एकाचंच. तिने भिंतीकडे पाहिलं. मग वरून चादर घातली आणि नवऱ्याला उचलायला, डॉक्टरांनी मलमपट्टीला पाठवलेल्या माणसाला हाक मारली. तेव्हा भांडायला तिला वेळ नव्हता.

सहदेव माझ्यावर निजले. पंप सुरू झाला, मी त्यांना एकदा या अंगाने उचललं, एकदा त्या अंगाने. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "होडयेत निजल्यासारखा वाटता गो." माझ्या उभ्या आयुष्यात मिळालेली शाबासकी ही एवढीच. डॉक्टरांनी जखम पाहिली आणि वनमालाला बाहेर नेलं. ती हाडापर्यंत गेली होती. आधी आली असती तर, एवढंच ते म्हणाले. मी जिवाचं रान केलं, मित्रांनो. पण मी पाठ राखणारी वस्तू आहे, गेलेली पाठ परत आणणारी नव्हे. पाच आठवड्यांनी जखमेचं विष अंगात पसरलं आणि सहदेव गेले.

बाराव्याला कुंदा आली. पानाला बसली नाही, पाण्याचा घोटही घेतला नाही, फोटोला हात जोडून निघून गेली. तिच्या मागे धावावं, ते ठिगळ दाखवावं, पाय धरावेत, असं वनमालाला वाटलं असेलही. पण ती उठली नाही. काय सांगणार? की चोर बाजूलाच होता आणि मी नऊ मजले चढून तुझ्यावर आळ घेतला? तिने ते सगळं गिळलं. शीतल पॅसेजमध्ये भेटली की वनमाला तिच्याशी हसून बोलायची. मला गुंडाळून माळ्यावर टाकलं. तिथे मी दोन वर्षं धूळ खात पडले.

या जूनमध्ये राजेश दुकानाचा बोर्ड लावताना शिडीवरून पडला. मणक्याचं ऑपरेशन झालं, तीन महिने हलायचं नाही. त्याला घरी आणला त्याच दुपारी वनमालाने मला माळ्यावरून काढलं, ओल्या फडक्याने पुसलं आणि उचलून बाजूच्या दाराशी नेलं. विकत घेऊ नका, आमची पडूनच आहे, असं म्हणाली. शीतलच्या डोळ्यांत पाणी आलं. वनमालाने स्वतः मला खाटेवर पसरलं, कोपरे नीट खोचले. राजेशला माझ्यावर निजवलं. मग ठिगळाचा कोपरा जरा वर आणून तिने शीतलला दाखवला.

शीतलचा चेहरा पांढरा पडला. तिने विचारलं, "काकू, पंप?"

"पंप बाजूला दिलाय," वनमाला म्हणाली. "कुंदाकडे. सकाळी तिच्या दाराला पिशवी अडकवून आले. काय म्हणून आलात ते तिला नीट सांगा आणि घेऊन या."

आवाज चढला नाही, शिवी नाही. मी तिला दोन वर्षं ओळखत होते आणि तरी मला तिची भीती वाटली.

शीतल लगेच गेली असेल असं तुम्हाला वाटेल. नाही गेली. पहिल्या दिवशी तिने दुसरा पंप मागवला. तो तिसऱ्या दिवशी आला आणि त्याच्या नळ्या माझ्या तोंडाला बसेनात. बदलून मिळायला आणखी दिवस. कुंदाच्या दारात उभं राहून 'गादी माझ्याकडे होती' हे तीन शब्द बोलायचे, एवढंच तर काम. तिला नवऱ्यापेक्षा ते शब्द जड झाले. राजेश माझ्यावर पडून होता आणि मी त्याच्याखाली चपटी, निकामी. ठिगळ नेमकं त्याच्या हाताखाली यायचं. तो बोटांनी ते चाचपायचा आणि बायकोला काही म्हणायचा नाही, कारण ते त्यानेच लावलं होतं. वनमाला रोज दुपारी विचारायला यायची की आणलात का. नाही म्हटलं की बरं म्हणून परत जायची. तिच्याकडे तेवढा धीर होता. आठव्या दिवशी राजेशच्या माकडहाडापाशी लाल डाग दिसला, रुपयाएवढा.

तेव्हा शीतल धावली. अनवाणीच.

ती परत आली तेव्हा हातात पिशवी होती. वनमाला दारातच उभी होती. तिने विचारलं की कुंदाला सगळं सांगितलंत ना, काय म्हणाली ती? तिचा आवाज पहिल्यांदाच कापला. मित्रांनो, दोन वर्षं ती याच घटकेची वाट पाहत होती. तिला वाटलं होतं, खरा चोर कळला की कुंदा जिना उतरून येईल.

शीतल खाली बघत म्हणाली, "त्या म्हणाल्या, 'चोर मी नाय, ह्या माका कशाक सांगतंस? माका म्हायतच होता. तिका म्हायत नव्हता.'"

मग शीतलने पिशवीतून पंप काढला. पंपाच्या वायरीला सुतळीने एक चावी बांधलेली होती. सहाशे चारची. एवढ्या अबोल्यातही कुंदाने ती आपल्या खिळ्यावर ठेवली होती.

माझ्यात हवा भरली. राजेशची पाठ हळूहळू वर उचलली गेली. त्याचा डाग बरा होईल, असं डॉक्टर म्हणाले. शीतल माझ्याशेजारी बसून तोंडात पदर कोंबून रडत होती.

मी एक ठिगळाची गादी, मी तुम्हाला काय शिकवणार? तरी एक मागणं आहे. दुसऱ्याचं नाव लिहिलेली वस्तू तुमच्या दारात आली तर लगेच बाजूची बेल वाजवा. उद्यावर टाकू नका. आणि तुमची वस्तू हरवली तर खुशाल हरवू द्या, ती पुन्हा मागवता येते. पण ती शोधायला आपल्या माणसाच्या दारात संशय घेऊन जाऊ नका.

मी अजून सहाशे तीनमध्येच आहे. दुपारी पंप थांबवला की भिंतीपलीकडची खुडबुड ऐकू येते. वनमालाने ती चावी आपल्या चावीच्या शेजारी टांगली आहे. आता तिच्या घराच्या दोन्ही चाव्या तिच्याच घरात असतात.